विश्लेषण : गाडीचे चाक खोलण्यासाठी बॅटरीवरची ‘गन’ घ्यावी का? घेताना नेमके काय पाहावे?

लासूर स्टेशन ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर साधारण ४० किलोमीटर. गंगापूर तालुक्यातल्या या बाजारपेठेच्या गावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर आता चारचाकी नवलाईची राहिलेली नाही. कांदा-मका घेऊन येणारे पिकअप, वाळूजला कामावर जाणाऱ्यांच्या छोट्या गाड्या, शेतावर जाणारी जीप अशी वाहने घरोघरी दिसतात. मात्र टायर पंक्चर झाला आणि चाकाचा नट पान्याला दाद देईना, की सगळे अडते. शहरातून मदत येईपर्यंत तास-दोन तास सहज जातात.

अशा वेळी मोबाइलवर एक जाहिरात हमखास समोर येते. पिस्तुलासारख्या आकाराचे, बॅटरीवर चालणारे यंत्र नटावर टेकवायचे, खटका दाबायचा आणि दोन सेकंदांत नट सुटतो. वायर नाही, कॉम्प्रेसर नाही. गॅरेजमध्ये याला नुसते ‘गन’ म्हणतात, त्याचे रूढ नाव कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच. तीन-चार हजारांपासून पाच आकडी रकमेपर्यंत त्याच्या किमती आहेत आणि खोक्यावर छापलेले आकडे डोके चक्रावून टाकणारे. हे यंत्र घरी खरोखर लागते का, घ्यायचे तर कोणते आणि त्याच्याकडून कोणते काम करून घेऊ नये?

नट हातपान्याने सुटत का नाही?

पान्यावर लावलेले बळ गुणिले पान्याची लांबी, म्हणजे टॉर्क. तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. बहुतेक छोट्या आणि मध्यम गाड्यांच्या चाकाचे नट साधारण ८५ ते १२० न्यूटन मीटरला आवळावेत, असे कंपन्या सांगतात. मोठ्या एसयूव्हींसाठी हा आकडा त्याहून थोडा वर जातो. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेला असतो.

गाडीबरोबर येणारा एल आकाराचा पाना साधारण पाव मीटर लांबीचा असतो. १०० न्यूटन मीटरला आवळलेला नट सोडवायला त्याच्या टोकावर ४० किलोचा भार पुरतो. हे कोणत्याही प्रौढ माणसाला जमण्यासारखे आहे. कंपनीने पाना तेवढाच दिला, त्यामागे हाच हिशेब आहे.

मग नट अडतो कशाने? काही वेळा गंजाने, पण बऱ्याचदा आधीच्या बसवणीमुळे. पंक्चरच्या किंवा अलाइनमेंटच्या दुकानात हवेवरची गन पूर्ण जोरात लावून नट बसवले, की टॉर्क सहज ३०० न्यूटन मीटरच्या पुढे जातो. आता त्याच पाव मीटरच्या पान्यावर १२० किलोचा भार द्यावा लागेल. म्हणूनच रस्त्याच्या कडेला माणसे पान्यावर उभी राहून उड्या मारताना दिसतात. पाना निसटून पाय मोडण्याची, नटाच्या कडा झिजण्याची किंवा बोल्टच तुटण्याची भीती असते ती इथेच.

म्हणजे ज्या अडचणीवर गन हा उपाय म्हणून विकली जाते, ती अडचण पुष्कळदा दुसऱ्या एका गननेच तयार केलेली असते. खरेदीचा निर्णय घेताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

हे यंत्र नेमके काम कसे करते?

ड्रिल मशिन सलग फिरते. त्याचे टोक अडकले की सगळा पीळ मनगटावर येतो. इम्पॅक्ट रेंच तसे नसते. त्याच्या पोटात एक जड हातोडा आणि त्याच्यापुढे ऐरण असते. या ऐरणीच्या चौकोनी टोकाला सॉकेट बसते. नट सैल असेपर्यंत हातोडा आणि ऐरण एकत्र फिरतात. नट अडला, की हातोडा स्प्रिंगविरुद्ध मागे सरकतो, सुटतो आणि फिरत्या वेगाने ऐरणीवर आदळतो. हे मिनिटाला दोन-तीन हजार वेळा घडते.

लोहार घण हातात धरून लोखंडावर नुसता दाबत नाही, ठोके घालतो. तत्त्व तेच, फक्त इथे ठोके गोल दिशेने बसतात. ठोका क्षणाचा असल्याने त्याचा पीळ हातापर्यंत जवळपास पोहोचत नाही. दोन-तीन किलोचे यंत्र हातात धरून कमी ताकदीचा माणूसही ३०० न्यूटन मीटरला बसलेला नट सोडवू शकतो. ज्येष्ठ नागरिक, हाताचे किंवा खांद्याचे दुखणे असणारे, एकट्याने प्रवास करणाऱ्या महिला यांच्यासाठी या यंत्राचा खरा फायदा हा आहे.

इथे एक गल्लत टाळायला हवी. स्क्रू पिळण्यासाठी षटकोनी खोबणी असलेले यंत्र म्हणजे इम्पॅक्ट ड्रायव्हर. दिसायला ते सारखेच, पण सुतारकामासाठीचे. चाकासाठी चौकोनी टोकाचे इम्पॅक्ट रेंचच हवे. हे टोक अर्धा इंची, म्हणजे कारागिरांच्या भाषेत चार सुती असावे. तीन सुती टोकाची यंत्रे आटोपशीर असतात, पण ती इंजिनाभोवतीच्या अडचणीच्या जागी जास्त उपयोगाची. सहा सुती ट्रकसाठी.

टॉर्क किती असावा?

खोक्यावर एकच मोठा आकडा दिसला तर आधी विचारावे, की हा टॉर्क आवळण्याचा की सोडवण्याचा? प्रतिष्ठित कंपन्या दोन्ही आकडे वेगळे देतात. उदाहरणार्थ, मकिताच्या डीटीडब्ल्यू ३०० या यंत्रासाठी आवळण्याचा कमाल टॉर्क ३३० आणि सोडवण्याचा ५८० न्यूटन मीटर दिलेला आहे. बॉशच्या जीडीएस १८व्ही-४०० या यंत्राच्या नावातला ४०० हा आवळण्याचा आकडा आहे, सोडवण्याचा त्याहून बराच जास्त. जाहिरातीत मात्र बहुतेक वेळा मोठा आकडाच पुढे केला जातो.

शिवाय हे आकडे पूर्ण चार्ज बॅटरी, आखूड सॉकेट आणि स्वच्छ बोल्ट अशा अनुकूल परिस्थितीतले असतात. बॅटरी अर्धी उतरली, मध्ये लांब जोडदांडी लावली किंवा आट्यांवर गंज असला, की प्रत्यक्षात मिळणारा टॉर्क घटतो. म्हणून थोडी शिल्लक ठेवून निवड करावी.

घरच्या कारसाठी ठोकताळा असा, की आवळण्याचा टॉर्क ३०० ते ४०० आणि सोडवण्याचा ५०० ते ६०० न्यूटन मीटर असलेले नामांकित कंपनीचे यंत्र पुरून उरते. १,००० न्यूटन मीटरच्या पुढची यंत्रे जड असतात, महाग असतात आणि नवख्या हातात बोल्ट तोडायला पुरेशी असतात. उलट १५०-२०० न्यूटन मीटरचे छोटे यंत्र नीट बसवलेला नट काढील, पण दुकानातून जाम करून आलेल्या नटापुढे नुसते खडखडत राहील.

ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटरसाठी तेच चालेल का?

लासूर परिसरात हा प्रश्न हमखास येतो, कारण घरात कार एक आणि शेतीची अवजारे चार अशी स्थिती असते. रोटाव्हेटरची पाती बदलताना डझनावारी नट-बोल्ट खोलावे लागतात. त्यावर माती आणि गंज बसलेला असतो. या कामात ५००-६०० न्यूटन मीटरचे यंत्र कारच्या चाकापेक्षाही जास्त वेळ वाचवते. अर्थात त्याआधी ट्रॅक्टर बंद, किल्ली काढून खिशात आणि उचललेल्या रोटाव्हेटरखाली भक्कम आधार या तीन गोष्टींत सवलत नाही.

ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकाचे नट हे मात्र वेगळे प्रकरण आहे. त्यांचा टॉर्क कारच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो. वर्षातून एखाद्या वेळच्या त्या कामासाठी घरच्या कारला नको असलेले अवजड यंत्र घेण्यात अर्थ नाही. तिथे लांब दांडी किंवा गॅरेजच बरे.

‘२१ व्होल्ट’, ‘१२८ व्हीएफ’ हे आकडे काय सांगतात?

सर्वाधिक फसगत इथे होते. या यंत्रांच्या बॅटरीत लिथियम-आयनचे सेल ओळीने जोडलेले असतात. एका सेलचा सरासरी व्होल्टेज ३.६ आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट. पाच सेल जोडले, की सरासरी १८ आणि काठोकाठ भरल्यावर २१ व्होल्ट होतात. म्हणजे एका कंपनीची १८ व्होल्टची, दुसरीची ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि तिसरीची २१ व्होल्टची बॅटरी ही पाच सेलांचीच असते. २१ हा आकडा १८ पेक्षा मोठा असला तरी यंत्र त्यामुळे जास्त ताकदीचे ठरत नाही.

‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’, ‘१२८ व्हीएफ’ अशा खुणा तर व्होल्टेजच्या नाहीतच. ‘व्ही’ हे अक्षर पाहून ग्राहकाने व्होल्ट समजावे, एवढाच त्याचा उपयोग. असा आकडा दिसला तर बॅटरीच्या खालच्या बाजूचे बारीक अक्षर वाचावे. तिथे व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले नसतील तर ते यंत्र बाजूला ठेवावे.

बॅटरीत साठा किती, हे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास यावरून कळते. १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॅट-तास. एका गाडीची चारही चाके खोलायची म्हणजे १६ ते २० नट. त्यासाठी २ अँपिअर-तासाची बॅटरीही साठ्याच्या दृष्टीने पुरते. तरी ४ अँपिअर-तासाची घ्यावी, असे सुचवले जाते. जाम नटावर यंत्र एकदम मोठा प्रवाह ओढते आणि मोठ्या बॅटरीला तो सहज देता येतो, हे त्याचे कारण.

कंपनी निवडताना काय पाहावे?

इम्पॅक्ट रेंच घेणे म्हणजे बॅटरीचे एक कुटुंब निवडणे. एका कंपनीची बॅटरी साधारणपणे दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही. घरात आधीच एखाद्या कंपनीचे १८ व्होल्टचे ड्रिल किंवा ग्राइंडर असेल, तर त्याच कंपनीचे नुसते यंत्र, बॅटरी-चार्जरविना घेता येते. त्यात मोठी रक्कम वाचते. बॉश, मकिता, डिवॉल्ट यांच्यापासून इन्को, टोटल यांच्यापर्यंत अनेक कंपन्यांची अशी कुटुंबे बाजारात आहेत.

दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. खटका, चार्जर, बॅटरी यांपैकी काहीतरी कधी ना कधी बिघडणारच. त्या कंपनीचे सेवा केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे का, बॅटरी वेगळी विकत मिळते का, पक्के बिल आणि वॉरंटी आहे का, हे खरेदीआधी विचारावे. यंत्र स्वस्त पण बॅटरी दोन वर्षांनी मिळेनाशी, अशी अवस्था झाली तर ते यंत्र भंगारच.

तिसरा मुद्दा मोटरचा. कार्बन ब्रश असलेल्या मोटरी स्वस्त असतात, पण त्यांचे ब्रश झिजतात. ब्रशलेस मोटर महाग, मात्र त्याच बॅटरीत जास्त काम करते आणि कमी तापते. वर्षातून चार-सहा वेळा वापरणाऱ्याला ब्रशची मोटरही चालेल. शेतीची कामेही करायची असतील तर ब्रशलेस परवडते.

बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची आयएस १६०४६ ची नोंद आहे का, तेही पाहावे. हे मानक लिथियम सेल आणि बॅटऱ्यांच्या सुरक्षिततेचे आहे. नामांकित बॅटरीसारख्या दिसणाऱ्या बिननावाच्या बॅटऱ्यांत जास्त तापमान किंवा जास्त चार्जिंग रोखणारी व्यवस्था आहे की नाही, हे बाहेरून कळण्याचा मार्ग नसतो.

सॉकेट कोणते लागेल?

चकचकीत क्रोमचे साधे सॉकेट हातपान्यासाठी असतात. गनच्या ठोक्यांनी ते तडकू शकतात आणि तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. गनसाठी काळ्या रंगाचे, जाड भिंतीचे, ‘इम्पॅक्ट’ असे लिहिलेले सॉकेटच वापरावे. ते आतून सहा कोनांचे असावे. बारा कोनांचे सॉकेट नटाच्या कडा लवकर गोल करते.

भारतातल्या बहुतेक गाड्यांना १७, १९ किंवा २१ मिलिमीटरचे सॉकेट लागते. मारुतीच्या अनेक गाड्यांना १९, ह्युंदाई आणि टोयोटाच्या अनेक गाड्यांना २१, तर स्कोडा-फोक्सवॅगनला १७ मिलिमीटर. स्कोडा-फोक्सवॅगनला नटाऐवजी बोल्ट असतात. तरी आपल्या गाडीवर एकदा बसवून पाहिल्याशिवाय सॉकेट घेऊ नये. अलॉय व्हील असेल तर बाहेरून प्लास्टिकचे आवरण असलेले लांब सॉकेट घ्यावे, म्हणजे रिमवर चरे पडत नाहीत. चोरीपासून बचावासाठी लावलेल्या लॉक-नटाच्या चावीवर गन अजिबात चालवू नये. ती चावी ठोके सोसण्यासाठी बनवलेली नसते.

याच गनने नट आवळावेत का?

नाही. पैसे देण्यापूर्वी समजून घ्यायची मुख्य गोष्ट हीच.

वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यांत काम केलेल्या अनेकांनी वाहनांच्या कारखान्यात नट आवळणारी यंत्रे पाहिलेली असतात. त्यामुळे घरच्या गननेही तसेच काम होईल, असा समज होतो. पण कारखान्यात चाकाच्या नटांसारख्या महत्त्वाच्या जोडांसाठी टॉर्क मोजणारी यंत्रे वापरतात. ठरलेला आकडा आला की ती थांबतात. घरच्या इम्पॅक्ट रेंचला मात्र नटावर प्रत्यक्ष किती टॉर्क बसला हे माहीतच नसते. त्यावरचे १, २, ३ हे टप्पे वेगाचे आणि ठोक्यांच्या जोराचे असतात. खटका एक सेकंद जास्त दाबला, की नट शंभरावरून अडीचशेवर जाऊ शकतो.

जास्त आवळण्याचे परिणाम लगेच दिसत नाहीत. बोल्ट ताणला जातो आणि त्याची पकड हळूहळू कमजोर होते. आटे खराब होतात. नट कमी-जास्त आवळले गेले तर ब्रेकची डिस्क वाकडी बसून ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते. आणि पुढच्या पंक्चरला तोच नट घरातल्या दुसऱ्या कुणाला हातपान्याने सुटत नाही. कमी आवळले तर धोका त्याहून मोठा, कारण चाक सैल होऊन निखळू शकते.

म्हणून नट काढायला गन, बसवायला हात आणि शेवटी आवळायला टॉर्क रेंच. हा एक साधा पाना असतो. मुठीवर आकडा लावायचा, तेवढा टॉर्क झाला की ‘खट्’ असा आवाज येतो आणि हाताला झटका जाणवतो. तिथे थांबायचे. दोन-तीनदा खटखट वाजवून ‘खात्री’ करू नये, त्याने टॉर्क वाढतो. हातपान्यांच्या अशा टॉर्क रेंचसाठी आयएसओ ६७८९ हे मानक आहे. खोक्यात तपासणीचा दाखला असेल तर उत्तम. या पान्याने नट सोडवू नयेत आणि काम झाले की आकडा सर्वात खालच्या खुणेवर आणून ठेवावा.

चाक बसवण्याचा क्रम कसा असावा?

गाडी सपाट, कठीण जागेवर उभी करावी. हँडब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि ज्या टोकाचे चाक काढायचे नाही त्या बाजूच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावावेत. नट जमिनीवरच, चाक उचलण्याआधी पाव फेरा सैल करावेत. त्यानंतर कंपनीने दाखवलेल्या जागीच जॅक लावावा. घरी काम करताना जॅकच्या जोडीला जॅक स्टँड हवाच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातपाय घालू नये.

चाक परत लावताना प्रत्येक नट आधी बोटांनी तीन-चार फेरे फिरवावा. तिरका लागलेला नट गनने रेटला की आटे गेलेच. नटाची निमुळती बाजू रिमकडे असावी. नट ओळीने नव्हे, तर समोरासमोर, पाच असतील तर चांदणीच्या आकारात एक सोडून एक घ्यावेत. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण तेलकट आट्यांवर तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो. टायर जमिनीला टेकल्यावर टॉर्क रेंचने शेवटची फेरी करावी आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासावे.

गनचा आवाज ९५ डेसिबलच्या पुढे जातो. कानात बोळे आणि डोळ्यांवर चष्मा एवढे किमान असावे.

गन गाडीच्या डिकीत ठेवावी का?

जाहिरातीतला ‘कायम गाडीत ठेवा’ हा सल्ला मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अडचणीचा ठरतो. बाहेर ४० अंशांच्या वर पारा असताना उन्हात उभ्या बंद गाडीतले तापमान त्याहून कितीतरी वर जाते. लिथियम बॅटरी ५० अंशांच्या आसपासच्या किंवा त्यावरच्या जागी ठेवू नये, असे उत्पादकच बजावतात. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते, बिघडलेली बॅटरी पेटूही शकते.

त्यामुळे बॅटरी घरात, सावलीच्या कोरड्या जागी, अर्धी-पाऊण चार्ज करून ठेवावी. लांबच्या प्रवासाला निघताना ती भरून सोबत घ्यावी आणि गाडी उन्हात सोडताना बरोबर काढावी. कामानंतर गरम असलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. निकामी बॅटरी कचऱ्यात किंवा भंगारात टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

डिकीत बारमाही ठेवण्यासारखी वस्तू दुसरीच आहे. अर्धा मीटरहून लांब मजबूत दांडी आणि योग्य मापाचे सॉकेट. ६० सेंटिमीटरच्या दांडीवर ३०० न्यूटन मीटरचा नट साधारण ५० किलोच्या भाराने सुटतो. तिला चार्जिंग लागत नाही आणि ऊनही बाधत नाही. नाशिकच्या सातपूरला कारखाना असलेल्या टपारियासारख्या कंपन्यांची अशी हातअवजारे गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतात.

‘समृद्धी’वर पंक्चर झाल्यास गन उपयोगी पडेल का?

गंगापूर आणि वैजापूर तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग सुरू आहे. कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. या वेगात बाजूने वाहने जात असताना कडेला बसून चाक बदलणे, मग ते दोन मिनिटांत होणार असले तरी, जिवावरचे असते. अशा रस्त्यावर धोक्याचे दिवे लावून गाडी जमेल तितकी डावीकडे घ्यावी, प्रवाशांनी कठड्याच्या पलीकडे उभे राहावे आणि महामार्गाच्या मदत पथकाला बोलवावे. गनचा वेग इथे उपयोगाचा नाही.

या वेगात टायरची देखभाल जास्त महत्त्वाची. कारच्या टायरवरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरल्या, तर तो टायर नियमाने बाद. हवेचा दाब प्रवासाआधी, टायर थंड असताना तपासावा. इथे दोन-अडीच हजारांचा हवा भरण्याचा पंप गनपेक्षा जास्त वेळा कामी येतो.

आणखी एक बाब. २०२० मध्ये केंद्र सरकारने नियमात बदल केला. ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्ती संच असलेल्या छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीची सक्ती त्यानंतर उरली नाही. आपल्या गाडीला स्टेपनीच नसेल, तर रस्त्यात चाक खोलण्याचा प्रश्नच येत नाही. खरेदीआधी डिकीचा तळ उचलून एकदा पाहावे.

मग कोणी घ्यावी आणि कोणी नाही?

घरात एकच गाडी आहे, टायरची अदलाबदल अलाइनमेंटच्या वेळी दुकानातच होते आणि चाक स्वतः बदलण्याची वेळ वर्षा-दोन वर्षांतून एकदा येते, अशांना गनची गरज नाही. लांब दांडी, सॉकेट आणि टॉर्क रेंच एवढे त्यांना पुरते.

दोन-तीन वाहने आहेत, दर दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल घरीच होते, ब्रेक पॅड बदलण्याइतकी माहिती आहे किंवा शेतीच्या अवजारांचे नट-बोल्ट नेहमी खोलावे लागतात, अशा घरात गन पैसे वसूल करते. हातात जोर कमी असलेल्यांनाही ती उपयोगाची.

खरेदीचा क्रम मात्र उलटा लावू नये. आधी जॅक स्टँड आणि टॉर्क रेंच, मग सॉकेट आणि दांडी, शेवटी गन. सगळे पैसे गनवर घालून टॉर्क रेंच ‘पुढे बघू’ म्हणून सोडला, तर घरच्या अंगणातही दुकानातलीच चूक होईल.

आणि ज्यांना काहीच घ्यायचे नाही, त्यांच्यासाठीही एक काम आहे. पुढच्या वेळी पंक्चर काढून चाक परत लावले जाईल तेव्हा शेजारी उभे राहून सांगावे, की शेवटी गन नको, नट हाताने आवळा. घरी आल्यावर गाडीतल्या त्याच छोट्या पान्याने प्रत्येक नट सुटतो का, हे एकेक करून पाहावे आणि सुटलेला नट लगेच तितकाच पुन्हा आवळावा. घरातला गाडी चालवणारा प्रत्येक जण हे करू शकला, तर रात्री-अपरात्री लासूर-वैजापूर रस्त्यावर अडकून पडण्याची वेळ येणार नाही.